शाळेचे विमान लहानच असावे



आपल्या शाळेच्या विज्ञान कोपऱ्यासाठी रिमोटवर उडणारे विमान घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी गावातून वर्गणी जमली आहे. पण कोणते विमान घ्यावे यावर वर्गात रोज भांडण होते. पोट्टे म्हणतात, "मोठं घ्या, जोरानं उडणारं घ्या." गुरुजी म्हणाले, "भांडू नका. आपले मत कारणासहित लिहून आणा, भित्तिपत्रकावर लावू." म्हणून मी हे लिहीत आहे.

माझे मत असे आहे की विमान लहान, हलके आणि हळू उडणारे घ्यावे, आणि ते शाळेच्या मोठ्या खोलीतच उडवावे.

पहिले कारण आमच्या घरचेच आहे. मागच्या दिवाळीत नागपूरहून मामाजी आले. त्यांनी माझ्या भावासाठी मोठे विमान आणले होते. आम्ही सगळे ते घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो. विमान झपकन वर गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वारा आला. भाऊ रिमोट दाबतच राहिला, पण विमान काही वळेना. पाण्यावर बसलेली बदके एकदम फडफड करून उडाली. विमान दूर धानाच्या बांधीत पडले. अंधार पडेपर्यंत शोधले, सापडले नाही. दुसऱ्या दिवशी कापणीच्या बायांना सापडले, पण त्याचा पंख मोडला होता. भाऊ रात्री जेवला नाही. आई म्हणाली, "पैसे वाऱ्यावर उडवले ना रे पोरा."

आता शाळेच्या वर्गणीत माझ्या आईनेही ५० रुपये दिले आहेत. ते तेंदूपत्त्याचे पैसे आहेत. उन्हाळ्यात आई पहाटे जंगलात जाते. दुपारी आम्ही सगळे बसून पाने मोजतो. ७० पानांचा एक पुडा बांधतो. असे किती पुडे बांधले तेव्हा ५० रुपये आले, हे मला माहीत आहे. ते पैसे एका दिवसात बांधीत पडू नयेत, असे मला वाटते.

दुसरे कारण गणिताचे आहे. गुरुजींनी मोठी खोली आम्हाला टेपाने मोजायला लावली. लांबी १० मीटर भरली. विमान ताशी १८ किलोमीटर वेगाने उडाले तर एका सेकंदात ५ मीटर जाते. म्हणजे २ सेकंदांत ते भिंतीवर आपटणार! "वळव वळव" म्हणेपर्यंत विमान खाली. पण जे विमान सेकंदाला २ मीटर जाते त्याला तीच खोली ओलांडायला ५ सेकंद लागतात. तेवढ्यात आपल्याला विचार करून वळवता येते.

मग हळू उडणारे विमान कोणते? आम्ही त्याचा प्रयोग केला. सारख्या मापाची दोन विमाने केली. एक वहीच्या पानाचे आणि एक वहीच्या पुठ्ठ्याचे. पानाचे विमान हळूच सोडले तर तरंगत तरंगत शेवटच्या आसनपट्टीपर्यंत गेले. पुठ्ठ्याचे हळू सोडले तर नाकावर पडले. जोरात फेकले तेव्हा उडाले, पण फळ्यावर धडकले. गुरुजींनी सांगितले की पंख हवेला खाली ढकलतात, म्हणून हवा विमानाला वर धरते. विमान जड असले तर त्याला तरंगण्यासाठी जास्त वेगाने जावे लागते. म्हणून खोलीसाठी विमान हलके पाहिजे आणि पंख मोठे पाहिजेत. खोलीत उडवायची लहान विमाने वीस ग्रॅमच्या आसपास वजनाचीही मिळतात. वीस ग्रॅम म्हणजे दुकानातली जिऱ्याची इवलीशी पुडी!

विमान घेताना पालकांनी रंग पाहू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात. अंग फोमचे असावे, म्हणजे धडकले तर लगेच फुटत नाही आणि फाटले तर चिकटपट्टीने जोडता येते. शेपटीला डावी-उजवीकडे हलणारी पट्टी असावी, म्हणजे लहान खोलीतही वळते. पुढचा पंखा सुटा मिळत असावा, कारण तोच आधी मोडतो. आणि बॅटऱ्या जास्त घ्याव्यात. एवढीशी बॅटरी साधारण सहा मिनिटे चालते असे धरू. आमच्या वर्गात २४ मुले आहेत. प्रत्येकाला १ मिनिट दिले तर २४ मिनिटे झाली. म्हणजे चार बॅटऱ्या लागतात. एकच बॅटरी असली तर पहिल्या सहा जणांचा नंबर लागेल आणि बाकीचे पाहत बसतील. ते पहिले सहा कोण असतील हे आम्हा मुलींना चांगले ठाऊक आहे!

बॅटरी गुरुजींच्या समोरच चार्ज करावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, ती पेट घेऊ शकते. उडवताना छताचा पंखा बंद, खिडक्या बंद आणि सर्वांनी भिंतीला टेकून बसावे. फिरत्या पंख्याला बोट लावू नये.

माझा मित्र म्हणतो, "खोलीत उडवून काय मजा? विमान तं आभाळात पायजे." त्याला मी एक गोष्ट सांगते. १८७८ साली अमेरिकेत राईट नावाच्या दोन भावांना वडिलांनी एक खेळणे आणून दिले. बांबू, कागद आणि बुचाचे, रबराच्या पिळावर उडणारे. ते घरातच छतापर्यंत उडाले. तेव्हा विल्बर ११ वर्षांचा आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचा होता. ते खेळणे मोडले, तेव्हा त्यांनी स्वतः तसेच दुसरे बनवले. पुढे १९०३ साली त्यांनीच खरे विमान उडवले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. आपल्या गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे. तिथे वैमानिकांना शिकवतात. वैमानिकसुद्धा खोलीतल्या नकली विमानात बसून सराव करतात, असे गुरुजी म्हणाले. मग आपण खोलीत शिकलो तर लाज कसली?

शेवटचे कारण आपल्या तलावाचे. हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी इथे येतात. मारुती चितमपल्ली साहेब इथे वनाधिकारी होते. त्यांनी इथल्या जंगलावर आणि पक्ष्यांवर पुष्कळ लिहिले. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. पक्षी आपले पाहुणे आहेत. पाहुण्यांच्या डोक्यावरून कोणी विमान फिरवते काय? त्या दिवशी बदके कशी घाबरून उडाली ते मी पाहिले आहे. खोलीत उडवले तर त्यांना त्रास नाही, आणि पावसाळ्यातही आपला खेळ थांबत नाही.

तरी पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने याचा विचार करावा, ही नम्र विनंती. विमान लहान असले तरी चालेल, पण माझ्या चोवीसाव्या नंबरच्या मैत्रिणीपर्यंत ते साबूत पोचले पाहिजे.

इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी
नवेगाव बांध