सीडी प्लेअरचा सौदा आणि लेन्सचे खरे

सारी गाणी मोबाईलवर मिळत असताना सीडी प्लेअर कोण घेतो, असे कोणी विचारील. घेणारे आहेत. ज्यांच्या घरी कुराणपठणाच्या, नातांच्या, गझल-कव्वालीच्या सीडी पेटी भरून पडल्या आहेत आणि जुना प्लेअर बंद पडला आहे, ते आजही बाजारात विचारणा करतात. कोकणातल्या कित्येक घरांत १९८० आणि १९९० च्या दशकांत आखातातून आलेली यंत्रे अद्याप माळ्यावर आहेत. तीही दुरुस्तीला किंवा विक्रीला येतात. संगीत ऐकावे की ऐकू नये हा वाद या पानाचा नव्हे, तो आलिमांकडे न्यावा. येथे आम्ही फक्त सौद्याविषयी बोलणार आहोत.

प्रथम गिऱ्हाइकाचा नेहमीचा प्रश्न. प्लेअर घ्यावा की ट्रान्सपोर्ट? सीडी प्लेअर दोन कामे करतो. तबकडीवरचे आकडे वाचतो आणि त्या आकड्यांचा आवाज बनवतो. ट्रान्सपोर्ट फक्त पहिले काम करतो. आवाज बनवण्यासाठी डॅक नावाचे दुसरे यंत्र लागते, म्हणजे दोन खरेद्या आल्या. आमचे मत असे की, साध्या घराने ट्रान्सपोर्टच्या मागे लागू नये. ज्याला डिजिटल आउटपुट आहे असा प्लेअर घ्यावा. आज तो प्लेअर म्हणून चालेल आणि उद्या ऐपत झाली की डॅक जोडून तोच ट्रान्सपोर्ट होईल. जुन्या डीव्हीडी प्लेअरलाही पुष्कळदा कोअ‍ॅक्सिअल आउटपुट असते आणि त्यावर हे काम भागते. फक्त सीडी सुरू व्हायला वेळ लागतो आणि समोर गाण्याचा नंबर नीट दिसत नाही. जोडणीला महागडी तार नको. व्हिडिओची चांगली पिवळी तार ७५ ओहमची असते, डिजिटल आउटपुटलाही तेवढीच लागते.

किमती ट्रान्सपोर्टने आवाजात जान येते असे सांगणारे विक्रेते आहेत. तबकडी बिनचूक वाचली गेली तर स्वस्त यंत्रातून आणि महाग यंत्रातून आकडे तेच बाहेर पडतात. ते वेळेवर पोचण्यात जो बारीक फरक राहतो, तो बरा डॅक सावरून घेतो. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत. तेथे फरक आजीबाईंनाही ऐकू येतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. या यंत्राचा जीव लेन्समध्ये, म्हणजे लेझर हेडमध्ये असतो. सोनीचा सीडीपी-१०१ ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आला, तेव्हापासून रचना मूळची तीच आहे. तबकडी आतून बाहेर वाचली जाते. आत ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत २०० वर उतरते. लेन्स तिला न टेकता वर-खाली होत वाचत राहते. रबरी पट्टा ढिला पडला तर नवा बसतो, वाळलेले ग्रीस काढून नवे लावता येते, लेन्सवरची धूळ पुसता येते. पण लेझरच थकला तर हेड बदलण्यावाचून इलाज नाही. म्हणून जुने यंत्र घेताना नावापेक्षा आत कोणते हेड आहे ते विचारावे. सोनीच्या केएसएस-२१३ जातीचे हेड बाजारात अजून मिळते, जरी त्यात नकली मालही पुष्कळ आहे. फिलिप्सच्या जुन्या सीडीएम-१, सीडीएम-४ या यंत्रणांची शौकीन लोक तारीफ करतात आणि ती खोटी नाही. पण त्या बनणे केव्हाच बंद झाले. असे यंत्र बंद पडले की दुसरे बंद यंत्र शोधून त्याचे हेड काढावे लागते. ज्याला हा उपद्व्याप नको त्याने नवा प्लेअर घ्यावा. डेनॉन, मरांट्झ, यामाहा आजही ते बनवतात.

या धंद्यात एक वाईट रीत आहे. अनेक हेडवर एक बारीक प्रीसेट असतो. तो थोडा फिरवला की लेझरला जास्त करंट मिळतो आणि थकलेली लेन्स पुन्हा सीडी वाचू लागते. मात्र त्या जादा करंटने ती आणखी लवकर जळते. आमच्या एका स्नेह्याने असाच एक प्लेअर घेतला. दुकानात पहिले गाणे झकास वाजले. दोन महिन्यांत यंत्र 'नो डिस्क' दाखवू लागले. उघडले तर प्रीसेटवर ताज्या पेचकसाची खूण! दुकानदार म्हणाला, जुन्या मालाला गॅरंटी नसते. गॅरंटी नसते हे खरे, पण ऐब ठाऊक असून तो झाकायचा ही वेगळी गोष्ट आहे. मदिनेच्या बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्याला लहानपणी मकतबमध्ये सांगितलेला आहे. वर कोरडे, आत ओले. हजरत पैगंबर (स.) यांनी त्या व्यापाऱ्याला ओले धान्य वर ठेवायला सांगितले, म्हणजे लोकांना दिसेल. फिरवलेला प्रीसेट हे आतले ओले धान्यच आहे.

गिऱ्हाइकाने पहिल्या गाण्यावर भुलू नये. सत्तर मिनिटांची भरलेली सीडी घेऊन जावी, शेवटचे गाणे लावावे, मग एकदम पहिल्यावर यावे, पुन्हा शेवटी जावे. घरी लिहिलेली सीडी-आर सोबत न्यावी. ती कमी प्रकाश परतवते, त्यामुळे थकलेली लेन्स तेथे लवकर अडखळते. यंत्र गरम झाल्यावर, म्हणजे अर्ध्या तासाने, हेच पुन्हा करावे. जपानहून आलेल्या यंत्राची मागची पट्टी वाचावी. १०० व्होल्ट लिहिले असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या २३० व्होल्टवर लावू नये. ट्रान्सफॉर्मरची किंमत सौद्यात धरावी.

कारागीर बंधूंची बाजूही आम्ही जाणतो. गिऱ्हाईक हेडचे पैसे द्यायला तयार नसते, "थोडे चालू करून द्या" म्हणते, आणि तपासणीची मजुरी मागितली तर तोंड वाकडे करते. मग प्रीसेट फिरवण्याचा मोह होतो. आमची सूचना अशी की तपासणीची मजुरी आधी ठरवून घ्यावी आणि यंत्र दुरुस्त होवो न होवो, ती घ्यावीच. डोळे आणि हात वापरल्याचे ते हक्काचे पैसे आहेत. सोनीच्या पुष्कळ हेडवर कारखान्याने ठरवलेल्या करंटचा आकडा चिकटवलेला असतो. मोजलेला करंट त्याहून बराच चढला असेल तर तसे गिऱ्हाइकाला दाखवावे. आणि विकताना बिलावर एक ओळ लिहावी : लेन्स मूळची आहे की बदललेली, आणि प्रीसेटला हात लागला आहे की नाही.