पल्याड आदिवासी, मग अल्याड कोण?

15 नोव्हेंबरला, बिरसा मुंडांच्या जयंतीला, झारखंड राज्य झालं. त्याआधी 1 तारखेला छत्तीसगड झालं. आनंदच आहे. पण नवं राज्य म्हणजे नकाशावर नवी रेघ. रेघेनं आदिवासीचं काय होतं ते आपल्या वऱ्हाडानं भोगलं आहे. नव्या पोरापोरींना ते माहीत पाहिजे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा पैनगंगेच्या पल्याड निजामाचं हैदराबाद होतं, अल्याड मध्यप्रांत-वऱ्हाड. अंध, गोंड, कोलाम दोन्हीकडे राहत. सोयरीक नदी ओलांडून होत होती, आजही होते. 1950 साली अनुसूचित जमातींची यादी निघाली. हैदराबाद राज्यात या जमाती सगळीकडे आदिवासी ठरल्या. इकडे मात्र तालुके मोजले. अमरावती जिल्ह्यात फक्त मेळघाट. यवतमाळ जिल्ह्यात यवतमाळ, वणी, केळापूर. आपण तेव्हा अकोला जिल्ह्यात. अकोला यादीत नव्हताच. बहीण पल्याड नांदते ती आदिवासी, अन् भाऊ अल्याड राहतो तो कोणीच नाही!

1956 ला मराठवाडा अन् विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. राज्य एक, राज्याची भाषा एक, यादी मात्र जुन्याच सरहद्दीची. हे क्षेत्रबंधन उठवणारा कायदा 1976 ला झाला अन् 27 जुलै 1977 पासून लागू झाला. सत्तावीस वर्षं गेली.

ज्याला सरकार आदिवासी म्हणतच नव्हतं, त्याच्या जमिनीला आदिवासी म्हणून संरक्षण कुठून मिळणार? हे पुढं सरकारलाही मानावं लागलं. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की यादीतल्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या जमातीच्या माणसालाही हे संरक्षण लागतं. म्हणजे आपण भीक मागत नाही.

काही शिकलेले लोक म्हणतात, "आदिवासी-आदिवासी काय करता, आधी भारतीय व्हा." भाऊ, आम्ही भारतीय नव्हतो कधी? पहिल्या निवडणुकीपासून मत देतो. पल्याडचा सोयरा आपला आहे असं म्हटल्यानं देश तुटत नाही. एकाच जमातीला दोन काठांवर दोन न्याय लावले तर माणूस तुटतो.

आज दाखल्यासाठी आजोबाच्या वेळचा कागद मागतात. ज्या काळात इथं आपल्याला आदिवासी मानत नव्हते, त्याच काळच्या कागदात आदिवासी शोधतात! म्हणून आपल्या मागण्या अशा :

1) 1977 च्या आधीची नोंद नाही एवढ्यावरून दाखला नाकारू नये. गावात येऊन चौकशी करावी, पल्याडच्या नातेवाइकांचे कागद धरावेत.

2) जमीन परत देण्याच्या 1974 च्या कायद्यात 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 चे व्यवहार येतात. त्या काळातले फेरफार तलाठ्यानं ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

तोवर आपलं काम आपण करू. सातबारा, जुने फेरफार, शाळेचा दाखला एका पिशवीत ठेवा. पल्याडच्या सोयऱ्यांची नावं-गावं म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. पुढच्या बैठकीला पिशवी घेऊनच या.

जोहार!

— एक कार्यकर्ता, कामरगाव