एक वर्ष घरच्या शाळेचे

गेल्या मे महिन्यात लोणी काळभोरला पुतण्याकडे चार दिवस मुक्कामाचा योग आला. घरात एकाच विषयाची चर्चा चालू होती. तेरा वर्षांच्या धाकट्या मुलाला जूनपासून शाळेत न पाठविता वर्षभर घरीच शिकवावे आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या इयत्ता आठवीच्या परीक्षेला बसवावे, असा सूनबाईंचा विचार होता. मुलाची शाळा हडपसरच्या पलीकडे. सोलापूर रस्त्यावरील वाहतुकीतून सकाळी साडेसहाला निघालेला मुलगा चारनंतर घरी येतो, शिकवणीला जातो आणि रात्री ताटावर पेंगतो. गुण उत्तम. पण अभ्यासाव्यतिरिक्त एखादे पुस्तक त्याने आपणहून उघडलेले गेल्या दोन वर्षांत कोणी पाहिले नव्हते.

चौतीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाला हा बेत रुचणे अवघडच. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘नको’ असाच. शेजारच्या बाईंनी तर थेट विचारले, “नापास झाला का हो?” हा प्रश्न मात्र मला विचारात पाडून गेला. मुक्त विद्यालय म्हणजे नापासांचे आश्रयस्थान, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात इतकी मुरलेली आहे की, मीही ती कधी तपासून पाहिली नव्हती.

वस्तुस्थिती वेगळी आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा प्रकल्प हाती घेतला. १९८९ मध्ये त्यातून स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय उभे राहिले आणि २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान या नावाने ओळखले जाते. तेथे विषयांची निवड विद्यार्थी करतो, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा घेतलेली नोंदणी पाच वर्षे टिकते. महाराष्ट्राने आपले स्वतंत्र मंडळ २०१७ मध्ये स्थापन केले. त्याआधीही दहावी-बारावीला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून बसण्याची सोय आपल्याकडे होतीच. ती वाट प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या, कामकऱ्यांच्या मुलांनी आणि लवकर लग्न झालेल्या मुलींनी तुडवली. नवे मंडळ पाचवी आणि आठवीलाही हे दार उघडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष मुक्त शिक्षणाचा उल्लेख केलेला आहे.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. गृहशिक्षणाला त्या कायद्यात ना स्पष्ट परवानगी आहे, ना पालकास दंड. या धूसरतेत ज्यांना घरी शिकवायचे आहे त्यांनी तरी शासनमान्य परीक्षेचा धागा सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या मालविका जोशी हिचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल. आईने तिला बारा-तेरा वर्षांची असताना शाळेतून काढून घरी शिकविले. आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील विख्यात एमआयटीने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. वर्तमानपत्रांनी कौतुक केले ते योग्यच. परंतु त्याच मुलीला आपल्या आयआयटीचे दार बंद होते, कारण तिच्यापाशी बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. तिची प्रतिभा असामान्य म्हणून निभावले. आपल्या घरातील मूल बहुधा सामान्य असते. त्याच्यापाशी कागद हवा, आणि तो कागद सरकारी मंडळ देते.

साधनांची वाण आज नाही. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’वर पाठांशी जोडलेली दृक्‌श्राव्य सामग्री मराठीत आहे. महामारीच्या वर्षी, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागत असे. तिने मुलांना फलकासमोर न बसविता घरातल्या, परसातल्या वस्तूंतून शिकविले. त्याच वर्षाने दुसरा धडाही दिला. ज्या घरात मुलाच्या शेजारी मोठे माणूस बसले, तेथे मूल शिकले. जेथे मूल आणि मोबाइल एवढेच होते, तेथे मोबाइल शिकला म्हणायचा! म्हणूनच या बेताला माझी पहिली अट होती ती पडद्याची : दिवसाकाठी दीड तास, त्याहून एक मिनिट अधिक नाही.

दुसरी अट पुतण्यासाठी होती, आणि ती त्याला जड गेली. आपल्याकडे ‘घरी शिकवणार’ याचा अर्थ ‘आई शिकवणार’ असा गृहीत धरला जातो. सूनबाई मला म्हणाल्या, “काका, मी नोकरी सोडते, त्याचं एवढं काही नाही.” त्याचे बरेच काही आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी १८७३ मध्ये आलेली अकरा वर्षांची वधू निरक्षर होती. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध पत्करून, न्यायालयाचे काम सांभाळून, माधवरावांनी तिला स्वतः शिकविले. पुढे पुण्याचे सेवासदन चालविणाऱ्या रमाबाई त्या ह्याच. रानड्यांना वेळ मिळत होता, तर हडपसरच्या कंपनीतील अभियंत्यास रोज तासभर गणितासाठी का मिळू नये? गणित बापाने घ्यायचे आणि सूनबाईंनी नोकरी न सोडता अर्धवेळ करून घ्यायची, असे अखेर ठरले. सकाळी संस्कृत आणि इतिहासाला आजी-आजोबा आहेत. त्या बिचाऱ्यांना कोणी काही विचारतच नव्हते!

इतिहासासाठी तर लोणी काळभोर सोडून फार लांब जावे लागत नाही. जवळच थेऊर. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेणाऱ्या थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये तेथे, चिंतामणीच्या सान्निध्यात देह ठेवला. सायकलवर जाऊन ती जागा पाहणारा मुलगा पानिपताची सनावळ वेगळ्या रीतीने लक्षात ठेवील. भूगोलासाठी खडकवासल्याचे पाणी इंदापूरकडे नेणारा कालवा आहे. विज्ञानासाठी कवडीपाटचे पात्र आहे : हिवाळ्यात तेथे ब्राह्मणी बदके उतरतात आणि त्याच पाण्यावर पुण्याच्या सांडपाण्याचा फेसही तरंगतो. दोन्ही गोष्टी एकाच वहीत नोंदविणे हा चांगला पाठ होय.

राहिली संगत, माझी खरी शंका तीच होती, आणि अद्याप पुरती फिटलेली नाही. शाळेत मूल केवळ शिकत नाही. वेगळ्या घरच्या, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या ऐपतीच्या मुलाच्या शेजारी बसते, त्याच्याशी भांडते, त्याचा डबा खाते. घरच्या शाळेत हे कोठून आणायचे? निवडक मित्र बोलावून भरविलेला मेळावा त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण न निवडलेली माणसेच आपल्याला समाज शिकवितात. संध्याकाळचे मैदान, सायंशाखा, तालीम, मंडळाच्या गणपतीची वर्गणी यांपैकी जे गावात आहे, त्यात मुलाने रोज असावे, पावसातही असावे, ही माझी तिसरी अट. जेथे एवढेही नसेल, त्या घरांनी एका वर्षासाठीसुद्धा शाळा सोडू नये. मूल एकुलते एक असेल, तर दोनदा विचार करावा.

हा बेत एका वर्षाचाच आहे. आठवीचे प्रमाणपत्र हाती आले की मुलगा नववीला शाळेत जाणार, आणि ती शाळा शक्यतो गावातलीच, सायकलच्या अंतरावरची असेल. तशी शाळा गावात आहे. ती दोन वर्षांपूर्वी का पाहिली नाही, असे मी पुतण्यास विचारले. तो हसला; उत्तर दिले नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन आलो. पहिला महिना बापाच्या गणिताच्या तासांपैकी निम्मे बुडाले होते, हे सूनबाईंनी वही दाखवून सांगितले. मुलगा मात्र कालव्याच्या कडेने सायकलवरून थेट खडकवासल्यापर्यंत जाता येईल का, याचा नकाशा काढीत बसला होता, आणि जेवायला चार हाका मारल्या तरी उठत नव्हता.