चवीढवी : पिंपात मुरलेलं आंबट

मंडळी, या वेळचा विषय पाहून काहीजण पान उलटतील आणि काहीजण अनुक्रमणिका सोडून थेट याच पानावर येतील. विषय आहे बिअर, आणि तीही आंबट! "कुटुंबाचा अंक आहे, जरा जपून," असं संपादकांनी बजावलंय. जपूनच लिहिते.

निमित्त इथलंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अबुधाबीला अल मारिया बेटावरच्या गॅलेरिया मॉलमध्ये 'क्राफ्ट बाय साइड हसल' ही जागा सुरू झाली. तिथे बिअर नुसती विकत नाहीत, तिथल्या तिथे बनवतात. अबुधाबीने २०२१ मध्ये नियम बदलून जागेवर पेय आंबवायला परवानगी दिली, तेव्हा हे जमलं. आखातात असा उद्योग हा पहिलाच. या लोकांनी अबुधाबीचा मध घालून बिअर केली, इथली कुमक्वाट (सालासकट खायची ती बोराएवढी संत्री) घालून केली, आणि कळस म्हणजे वेलची-केशराच्या करक चहाच्या धर्तीवरही एक केली. हे ऐकून आमचे 'हे' म्हणाले, "आता कांदेपोह्यांची तेवढी राहिली."

पण बिअरमध्ये भलतंसलतं घालायची खोड आजची नाही. इथून वर इराकमध्ये, बाबिलोनच्या काळात, खजुराची बिअर होत असे. तेव्हा करक चहाला नाक मुरडायचं कारण नाही.

मात्र वेगळे जिन्नस आणि आंबटपणा दोन्ही वर्षानुवर्षं मुरलेले प्यायचे तर बेल्जियमला जायला हवं. मुलगी शिकायला ब्रसेल्सला आहे. गेल्या ऑक्टोबरात तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला अँडरलेख्ट भागातल्या 'कांतियों'मध्ये नेलं. १९०० सालची ही ब्रुअरी, आता संग्रहालयही आहे. आत शिरताच नाकात शिरला तो जुन्या वाड्याच्या माळ्यावरचा वास. दमट लाकूड, धूळ, आणि कुठेतरी मुरत असलेलं लोणचं. कोपऱ्याकोपऱ्यात कोळ्यांची जाळी! ती मुद्दाम ठेवतात म्हणे, फळांवरची चिलटं कोळी खातात म्हणून. आमच्या सासूबाई असत्या तर तिथेच पदर खोचून झाडू मागितला असता.

कृती ऐका. नाचणीसत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, तसंच इथे बार्लीचं करतात. त्यात साधारण एक तृतीयांश बिनमोडाचा गहू. हे शिजवून काढलेलं गोड पाणी जुन्या, वाळक्या हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं आणि छपराखालच्या एका प्रचंड, उथळ तांब्याच्या परातीत रात्रभर उघडं ठेवायचं. वरून यीस्ट घालायचंच नाही! हवेतून आणि त्या जुन्या इमारतीतून जे जंतू येतील, ते पाहुणे. थंडीच्या महिन्यांतच हे चालतं, कारण उन्हाळ्यात नको ते पाहुणे येतात. मग सगळं ओकच्या लाकडी पिंपांत. (ओक हे झाड बरं का, आपल्या पुण्यातले ओक नव्हेत.) लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबाने आत जाते आणि जंतू सावकाश कामाला लागतात. दही लावणाऱ्यांचे भाऊबंद आंबटपणा आणतात, आणि 'ब्रेटानोमायसिस' नावाचं एक रानटी यीस्ट तो माळ्यावरचा वास आणतं. हवा जास्त लागली तर मात्र व्हिनेगर. एक, दोन आणि तीन वर्षांची पिंपं चाखून, त्यांचं मिश्रण करून बाटलीत भरतात, ती 'गझ'. काही पिंपांत आंबट चेरी, रासबेरी, जर्दाळू, द्राक्षं, एल्डरची फुलंसुद्धा घालतात.

चव? पहिल्या घोटाला डोळे मिटले. चांगल्या अर्थाने नव्हे. कैरीची फोड दाताखाली यावी तसं जबड्याच्या मुळाशी झालं. दुसऱ्या घोटाला लिंबाची साल, ओलं लाकूड, किंचित खारट. तिसऱ्याला ओळख पटली. आमच्या आईचं बिनतेलाचं, काळं पडलेलं, उपासाचं लिंबाचं लोणचं! गोडवा नावाला नाही. द्राक्षांची त्याहून मऊ होती, पण मला साधी गझच आवडली. फेसाळलेला बिअरचा मग रिचवणाऱ्यांचं हे काम नव्हे. एक छोटा ग्लास आम्हा दोघींना पाऊण तास पुरला.

त्या पाऊण तासात मुलीने विचारलं, "आई, आपल्याकडे बाबांची बाटली तांदळाच्या डब्यामागे का असायची? आपण चोरून आणायचो का?"

चोरून नव्हे. तेव्हा लायसन्स लागायचं, पगाराच्या प्रमाणात महिन्याची मर्यादा असायची, आणि दुकानदार काळ्या पिशवीत बांधून द्यायचा. (अबुधाबीत ते लायसन्स २०२० मध्ये गेलं. हसू नका, महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे अजून परमिट लागतं, आणि तेही 'आरोग्यासाठी'.) तांदळाच्या डब्याचं कारण वेगळं होतं. दर हिवाळ्यात तिची आजी सांगलीहून यायची. आजीच्या वडिलांची चार एकर जमीन हातभट्टीपायी गेली. तिची शाळा सुटली ती त्यापायी. त्या बाईच्या नजरेसमोर बाटली नको, एवढंच ह्यांनी ठरवलं होतं. मुलगी बावीस वर्षांची झाली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजीला विचारू का मी?" म्हटलं, विचार.

अशी पिंपं आपल्याकडे का नाहीत, असं एका मैत्रिणीने विचारलं. अगं, तीन वर्षं एसी चालवायचं बिल कोण भरणार? ऑगस्टात एक दिवस वीज गेली की झालं, सगळं सॅलडवर घालायचं! म्हणून गरम देशांतले नवे लोक बहुधा झटपट वाट धरतात. पातेल्यातच दोन-तीन दिवसांत आंबवतात आणि पुढे फळ घालतात. त्यात ती खोली येत नाही, पण वाईट म्हणणार नाही. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एल वर्क्स'ने तर मीठ घातलेली कोकमाची बिअर काढली. जर्मनीत लाइपझिगकडे 'गोझे' नावाची आंबट बिअर असते, तिच्यात मीठ आणि धने घालतात. आता सांगा, आंबट, मीठ, धने... सोलकढीपासून किती लांब राहिलं हे?

यावरून सुचलेलं, अजिबात न चढणारं पेय देते. इथल्या बाजारात लूमी मिळते, खारट पाण्यात उकळून उन्हात काळी केलेली लिंबं. दोन लूमी फोडून बिया काढा, नाहीतर कडू होईल. आठ-दहा आमसुलं, अर्धा चमचा भरडलेले धने आणि चिमूटभर मीठ घालून लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा. गाळून गार करा आणि पिताना निम्मा सोडा घाला. लूमीला तो पिंपाचा, माळ्यावरचा वास थोडा तरी असतो. मात्र बाटलीत बंद करून आंबवायच्या फंदात पडू नका. घरी दारू गाळणं इथे गुन्हा आहे. आणि खरी बिअर प्यायला जाणार असाल तर गाडी घरी ठेवा. इथे मर्यादा शून्य आहे. एका ग्लासापायी नोकरी आणि व्हिसा दोन्ही पणाला लागतात.

सासूबाई जानेवारीत आल्या. फोनवर नातीशी त्यांचं काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. लाल, फेसाळ ग्लास समोर ठेवला तर त्यांनी हात मागे घेतला. "यात काही नाही ना गं?" मी ग्लास उचलून ओतून दिला, त्यांना खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात बसवलं आणि लूमी फोडण्यापासून सगळं पुन्हा त्यांच्यासमोर केलं. त्यांनी अर्धा ग्लास घेतला आणि म्हणाल्या, "जिरं हवं होतं."