शाळा म्हणते, ‘तपासणीची गरज नाही’. पालकांच्या हातात काय आहे?

चौथीतले मूल तोंडी उत्तरे चटकन देते. पण फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवताना अक्षरे गाळते, ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गल्लत करते, आकडे उलटे लिहिते. आईवडील शाळेत जातात तेव्हा उत्तरे ठरलेली असतात : ‘लक्ष देत नाही’, ‘घरी अभ्यास घ्या’, ‘मोठा झाला की सुधारेल’. तपासणीचा विषय काढला तर ‘तशी गरज नाही’ किंवा ‘आमच्याकडे सोय नाही’. हा नकार नेहमी तोंडी असतो. कागदावर उरतो तो फक्त प्रगतिपुस्तकातला शेरा.

हा शेरा आता महाग पडू लागला आहे. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये या दोन वर्गांसाठी वार्षिक परीक्षा लागू केली. नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते. त्यातही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. ज्याची अडचण कुणी तपासलीच नाही, त्या मुलाला दोन महिने जादा शिकवणी देऊन काय होणार? व्यवस्थेने न केलेल्या कामाची शिक्षा मूल भोगणार.

कायद्याने जबाबदारी कोणाची?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. वाचन, लेखन, गणिताशी संबंधित विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे. कलम १६ नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर शैक्षणिक उपाय करायचे आहेत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना आणखी स्पष्ट आहेत. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावी, असे त्यात म्हटले आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ सांगते की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी, गरजेनुसार जादा शिकवावे आणि पालकांना प्रगती कळवावी.

म्हणजे तपासणीची मागणी करणारे पालक शाळेकडे उपकार मागत नाहीत. ते शाळेला तिच्या कर्तव्याची आठवण करून देतात.

मग अडते कुठे? आपल्या कायद्यात कर्तव्य आहे, पण ‘नकार द्यायचा तर अमुक दिवसांत, लेखी आणि कारणांसह द्या’ असे बंधन नाही. अमेरिकेत ते आहे. तिथे सार्वजनिक शाळेने मूल्यमापन नाकारले तर पालकांना कारणांसह लेखी सूचना द्यावी लागते, आणि पालक त्याविरुद्ध सुनावणी मागू शकतात. हा हक्क सहज मिळालेला नाही. वॉशिंग्टन शहरात शाळेबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या कुटुंबांनी न्यायालयात लढा दिला, १९७२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि १९७५ मध्ये देशव्यापी कायदा आला.

आपल्याकडे हा कागद पालकांनीच तयार करावा लागतो.

पहिले पाऊल : मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. मुलाला नेमके काय जमत नाही ते उदाहरणांसह लिहा, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडा, कलम १६ चा उल्लेख करा आणि लेखी उत्तर मागा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय शाळेतून बाहेर पडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

दुसरे : उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा. समग्र शिक्षेअंतर्गत काम करणाऱ्या विशेष शिक्षकाकडून मुलाची पाहणी करून मागा. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर चाळणी समिती आहे का, तिने किती मुले तपासली, हे माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तिसरे : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. दिव्यांग कायद्याखाली राज्य आयुक्तांकडेही जाता येते. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत.

चौथे, आणि हे अनेकांना माहीत नसते : प्रमाणपत्राचा रस्ता शाळेच्या दारातूनच जातो असे नाही. कलम ५८ नुसार पालक प्रमाणपत्रासाठी थेट अर्ज करू शकतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रमाणपत्र नाकारले तर त्यावरही अपील आहे. अभ्यासक्रम व परीक्षेत बदल करणे, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ही कलम १७ नुसार शासनाची जबाबदारी आहे.

आपल्या वस्त्यांत प्रश्न दुहेरी आहे. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला वाचता येत नसेल तर ‘घरात वातावरण नाही’ हे कारण तयारच असते. त्या आड खरी अक्षमता झाकली जाते. उलट धोकाही खरा आहे. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना प्रमाणाबाहेर संख्येने ‘मतिमंद’ वर्गांत ढकलले जात होते. १९७९ मध्ये न्यायालयाने ते भेदभावाचे ठरवले. म्हणून मागणी दोन्ही बाजूंनी सावध हवी : तपासणी व्हावी, ती मुलाला समजणाऱ्या भाषेत आणि जाणकाराकडून व्हावी, आणि तिचा शेवट मदतीत व्हावा, वेगळे बसवण्यात नव्हे.

शाळांची अडचणही खोटी नाही. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने काय काय पाहावे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करण्यास पुन्हा बजावले. पदे रिकामी असतील तर शाळेने तसे लेखी द्यावे. तोच कागद शासनाला जाब विचारायला उपयोगी पडेल.

कार्यकर्त्यांसाठी काम स्पष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे आपली माणसे असली पाहिजेत, आणि चाळणी समितीचा विषय बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवा. रविवारी विहारात अर्धा तास काढून चार पालकांचे अर्ज लिहून द्या. बिगारीवर जाणाऱ्या आईला शाळेत एकटीने ठाम बोलणे अवघड जाते. सोबत एक शिकलेला तरुण असला की पोच मिळते. पाचवीची परीक्षा येण्याआधी ही पोच तिच्या हातात असायला हवी.