फाशीच्या कैद्याची किडनी घ्यावी का?

"डॉक्टर, तो एवीतेवी मरणारच आहे. मग त्याच्या किडन्या आमच्यासारख्या कुणाला दिल्या तर काय बिघडलं?"

फाशीची बातमी आली की बार्शीत डायलिसिसच्या रुग्णांचे नातेवाईक असे विचारतात. आठवड्यातून दोन-तीनदा आपल्या माणसाला सुया टोचताना पाहणाऱ्याचा हा प्रश्न मला क्रूर वाटत नाही. तरीही माझे उत्तर 'नाही' असे आहे.

आधी वैद्यकीय बाजू पाहू. आपल्याकडे मृत व्यक्तीची किडनी किंवा यकृत बहुतेक वेळा मेंदूमृत रुग्णाकडून मिळते. त्याचे हृदय व्हेंटिलेटरच्या आधाराने चालू असते. फाशीत हृदयच थांबते आणि रक्तपुरवठ्याअभावी हे अवयव लवकर खराब होतात. नेत्रदान मात्र मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत होऊ शकते. किडनी हवीच असेल, तर फाशी ऑपरेशन थिएटरात, डॉक्टरांच्या हातून द्यावी लागेल. म्हणजे डॉक्टरच जल्लाद!

दुसरा प्रश्न संमतीचा. कोठडीत मरणाची वाट पाहणारा माणूस 'हो' म्हणतो, तेव्हा ते मनापासून असते, की भीतीने, की दयेच्या आशेने? हे कसे ठरवणार? मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती मायकल सल्डान्हा यांनी निर्भया प्रकरणातील दोषींच्या अवयवदानासाठी याचिका केली होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. दान स्वेच्छेनेच व्हायला हवे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कैद्याने आपणहून नेत्रदानाची इच्छा लिहून ठेवली आणि घरच्यांनीही होकार दिला, तर तिचा मान राखावा. पण सरकारने ती मागू नये.

मागितली तर काय होते, ते चीनमध्ये दिसले. तिथे अनेक वर्षे प्रत्यारोपणाचे बहुतांश अवयव फाशीच्या कैद्यांकडून येत. तिथल्या उप-आरोग्यमंत्र्यांनीच २००५ मध्ये ही कबुली दिली. २०१५ पासून हे बंद केल्याचे चीनने जाहीर केले, पण शंका अजून फिटलेली नाही. रुग्णालय फाशीच्या तारखेकडे डोळे लावून बसले, की माणसाच्या शिक्षेत इतरांचा फायदा तयार होतो. उद्या तो निर्दोष निघाला तर?

आता साधा हिशेब करा. २००४ ते २०२० या काळात भारतात फक्त ८ जणांना फाशी झाली. म्हणजे फार तर १६ किडन्या! प्रतीक्षायादी अशाने कशी संपणार?

ती कमी करणे तुमच्या-माझ्या हातात आहे. सोलापूर जिल्ह्यातील मृत व्यक्तींच्या अवयवांचे वाटप पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीमार्फत होते. अवयवदानाचा अर्ज जरूर भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या वेळी डॉक्टर होकार मागतात तो तुमच्या घरच्यांकडे. म्हणून आज रात्री जेवताना तुमची इच्छा त्यांना स्पष्ट सांगा.