आधी महिना ठरवा, मग मुलूख



निफाड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "ताई, यंदा द्राक्षाचे पैसे बरे झाले. मुलाने हट्ट धरला आहे की एकदा परदेशी जाऊ, समुद्र पाहू आणि जंगलही पाहू. तो फुकेतची चित्रे दाखवतो. घरचे म्हणतात, एवढे पैसे मोडून पाणीच पाहायचे तर आपली विहीर काय वाईट? सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. गुडघे धरतात, पण मन तयार आहे. आम्हाला सवड ऑगस्टातच मिळते. कुठे जावे?"

बाई, तुमच्या पत्रात मोलाचा शब्द आहे तो ऑगस्ट. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. मध्ये फवारण्या सुटत नाहीत, पण कोणी भरवशाचा माणूस मागे ठेवला तर सात-आठ दिवस काढता येतात. तेव्हा आधी महिना धरायचा आणि त्या महिन्यात कोणत्या किनाऱ्यावर उघडीप असते ते पाहायचे. चित्र पाहून गाव ठरवले की फसगत होते. चित्रातले आभाळ बाराही महिने निळे असते.

याचा अनुभव आमच्या घरात आहे. माझे धाकटे दीर २०२३ च्या जूनमध्ये श्रीलंकेत बेंटोटाला गेले. दर निम्म्यावर आला होता. बैल घेताना दात मोजणारा माणूस, पण इथे "स्वस्त का?" एवढे विचारायचे राहून गेले. तिकडे पोचले तो समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल निशाण, कोळ्यांच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या. चार दिवस खोलीत बसून पत्ते खेळले आणि परत आले. फसवले कोणीच नव्हते. त्यांनी पाऊस विचारला नव्हता, इतकेच.

आता गंमत पाहा. त्याच जूनमध्ये त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर ऊन होते आणि समुद्र शांत होता. हे कसे, ते शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. नैर्ऋत्येचा मोसमी वारा आपल्याकडे सह्याद्रीला अडतो. महाबळेश्वर धो धो भिजते आणि माण-खटाव कोरडे राहतात. श्रीलंकेच्या मध्यभागी असेच डोंगर आहेत. मे ते सप्टेंबर पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू भिजते, पूर्व बाजू पर्जन्यछायेत राहते. पुढे वारा ईशान्येकडून फिरला की उलटे होते. पूर्व बाजू भिजते आणि डिसेंबर ते मार्च पश्चिम व दक्षिण किनारा उघडा असतो. एवढे नकाशावर बोट ठेवून समजून घेतले, की निम्मे काम झाले.

आता तुमच्या ऑगस्टासाठी एकेक जागा तपासू.

मुलाचे फुकेत आणि शेजारचे क्राबी हे थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. जवळच खाओ सोक हे मोठे जंगल आहे, म्हणजे दोन्ही हौशी एका फेरीत भागतात. परंतु हा किनारा नैर्ऋत्य वाऱ्याच्या तोंडावर आहे. तिकडचा बरा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. सिमिलन बेटांचे राष्ट्रीय उद्यान तर साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. ऑगस्टात नको. मुलाला सांगा, फुकेत पळून जात नाही.

मलेशियाच्या पूर्व बाजूची पेरहेंतियान बेटे ऑगस्टात छान असतात, आणि तामान नेगारा हे फार जुने सदाहरित जंगल पाहता येते. पण तिथे होडीतून पाण्यात उतरावे लागते, आणि जंगल पायी फिरायचे. झाडी इतकी दाट, की मोठे जनावर क्वचितच नजरेस पडते. अंगाला जळवा लागतात त्या वेगळ्याच. तरण्या जोडप्याने जरूर जावे. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

तिसरी जागा केनिया. डायनीचा पांढरा किनारा आणि त्साव्होचे हत्ती, ऑगस्टात दोन्हीकडे कोरडे असते. पण केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. आणि साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घ्यायची तर डॉक्टर विचार करूनच देतात, कारण त्या वयात तिचा त्रास होण्याची भीती अधिक. सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा केनियाही बाजूला ठेवा.

राहिली श्रीलंकेची पूर्व बाजू, आणि माझे बोट तिथेच थांबते. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच-तीन तास. घड्याळ आपलेच, त्यामुळे सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ बदलत नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा देश हिवतापमुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम बरोबर असू द्या.

विमानतळावरून आधी हबरणाला जा. मोटारीने साधारण चार तास लागतात, वाटेत एकदा पाय मोकळे करा. इथे मिन्नेरियाचा तलाव आहे. तिसऱ्या शतकात महासेन राजाने शेतीसाठी बांधलेला हा तलाव आजही भातशेतीला पाणी देतो. तुमच्या घरच्यांना सांगा, पाणीच पाहायचे तर सतराशे वर्षांपूर्वी शेतासाठी अडवलेले पाणी पाहा! त्या भागात असे जुने तलाव पुष्कळ आहेत. यजमान पाहतील सांडवा आणि कालवे, मुलगा पाहील हत्ती.

हत्ती इथे ऑगस्ट-सप्टेंबरातच का येतात? उन्हाने तलावाचे पाणी मागे हटते आणि उघड्या पडलेल्या गाळात कोवळे गवत उगवते. आसपासचे पाणवठे आटलेले असतात. मग दूरदूरचे कळप त्या गवतावर जमतात, चांगल्या वर्षी शेकड्यांनी. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. अलीकडे मोरगहकंद धरणाचे पाणी आल्याने मिन्नेरिया कधी ऑगस्टातही भरलेला असतो. पाणी चढले की गवत बुडते आणि कळप शेजारच्या कौडुल्ला उद्यानात किंवा हुरुलूच्या रानात जातात. म्हणून घरून मिन्नेरियाचेच तिकीट काढून जाऊ नका. हबरणाला उतरल्यावर, "आज हत्ती कुठे आहेत?" हे जीपवाल्याला विचारा आणि मग ठरवा. फेरी दुपारनंतरची, साधारण तीन तासांची असते. जीप उंच असते. चढायला स्टूल मागून घ्या आणि सासूबाईंना पुढच्या बाकावर बसवा, मागे धक्के फार बसतात.

तुमच्याकडे उसात बिबट्या शिरतो, तेव्हा रानातले जनावर तुम्हाला नवे नाही. तिथल्या शेतकऱ्याची दशाही काही निराळी नाही. हत्ती भातात आणि केळीत शिरतात. श्रीलंकेत दर वर्षी शंभराहून अधिक माणसे हत्तींमुळे जिवाला मुकतात, आणि हत्ती मरतात ते त्याहूनही जास्त. वाटेत विजेची कुंपणे आणि झाडावरची माचाणे दिसतील. जीपवाल्याला, "हत्तीच्या जवळ ने," म्हणून दोन पैसे जास्त देऊ नका. बिथरलेला हत्ती रात्री कोणाच्या तरी वाफ्यात उतरतो.

हबरणाहून त्रिंकोमाली दोनेक तासांवर. गावाबाहेर उप्पुवेली आणि निलावेली हे किनारे आहेत. वाळू मऊ आणि उतार हळूहळू जाणारा. ऑगस्टात पाणी बहुधा शांत असते. सासूबाईंना पहाटे न्या, ऊन चढायच्या आत. पूर्व किनारा असल्याने सूर्य पाण्यातून वर येतो. घोट्याइतक्या पाण्यात दोघी हात धरून उभ्या राहा.

गावात समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कोणेश्वराचे देऊळ आहे. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी जुने देऊळ पाडले, विसाव्या शतकात ते पुन्हा उभे राहिले. श्रावणातला सोमवार साधला तर सासूबाईंना महादेवाचे दर्शनही घडेल.

श्रावण पाळत असाल तर जेवणाबाबत सावध राहा. तिकडचा भात, नारळाच्या रसातल्या भाज्या, फणस, पापड आपल्याला मानवतात. पण नारळाच्या चटणीत आणि काही भाज्यांत सुकवलेल्या मासळीचा चुरा घालतात, तो डोळ्यांना दिसत नाही. पानावर बसण्याआधी विचारा. त्रिंकोमालीत तमिळ मंडळींची शाकाहारी खानावळ शोधलीत तर प्रश्नच मिटतो. उपासाला केळी आणि शहाळी सगळीकडे मिळतात.

पाण्याविषयी दोन शब्द, आणि हे मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. विहिरीत सूर मारणारा समुद्रात पोहू शकेलच असे नाही. पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याकडे झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर आडवे पोहत जावे आणि ओढ सुटली की बाहेर यावे. लाल निशाण असेल त्या दिवशी पाण्यात पाय घालू नये. याच किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे गेली. जमीन हादरली किंवा समुद्र एकाएकी मागे हटला तर शंखशिंपले वेचायला थांबू नका, सासूबाईंना घेऊन उंचावर चला. असे रोज घडत नाही, पण ठाऊक असलेले बरे.

कागदपत्रांचे काम आजच हाती घ्या. आपल्या वडीलधाऱ्यांचे नाव आणि जन्मतारीख आधारवर एक, दुसऱ्या कागदावर दुसरीच, असे नेहमी आढळते. आधी ते जुळवा, मग पासपोर्टचा अर्ज करा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली हवी. प्रवेश परवान्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा तिकीट काढतानाच सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. प्रवासाचा विमा उतरवताना सासूबाईंचे वय आणि दुखणे लपवू नका, नाहीतर ऐन वेळी विमा हात वर करतो. आणि ऑक्टोबर छाटणीचा पैसा आधी बाजूला काढा, उरेल त्यातच सहल बसवा.

बाकीच्या वाचकांची सवड वेगळी असेल. जानेवारी ते मार्चमध्ये मोकळे होणाऱ्यांनी श्रीलंकेचा दक्षिण किनारा, मिरिस्सा, आणि जवळचे उडवलवेचे हत्ती पाहावेत. तुमच्या मुलाचे क्राबी आणि खाओ सोकही याच दिवसांत. हरभरा-गहू घरात आल्यावर मेमध्ये निघणाऱ्यांनी त्रिंकोमाली किंवा पेरहेंतियान धरावे. दिवाळीच्या सुट्टीत मात्र श्रीलंका नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे दोन्ही बाजूंना पाऊस असतो आणि वादळांचेही तेच दिवस. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने तिथे शेकडो बळी घेतले.

कोणी म्हणेल, सासूबाईंना समुद्रच दाखवायचा तर आपले कोकण काय वाईट? मुळीच नाही. पण ऑगस्टात कोकणचा दर्या खवळलेला असतो. जो वारा बेंटोटाला होड्या वर ओढायला लावतो, तोच आपल्या हर्णै-मुरुडलाही. सवड हिवाळ्यात असती तर मीच म्हटले असते, आधी कोकण.

बाई, गोठ्याची आणि फवारणीची सोय लावून निघा. परत आल्यावर दोन ओळी अवश्य टाका. कोणत्या तलावावर हत्ती भेटले ते तर कळवाच, पण समुद्र पाहून सासूबाई पहिला शब्द काय बोलल्या, तो आधी लिहा.

कळावे.